न्यूयॉर्कमध्ये गरीब ज्येष्ठांचं घरभाडं 'गोठवतात', मग वाढीव पैसे भरतं कोण?

१ जानेवारी २०२५. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा किनारा, कडाक्याची थंडी आणि सूट-टाय घालून थेट समुद्रात धावत सुटलेला एक तरुण राजकारणी. बाहेर येऊन तो म्हणतो, मी गोठलोय, तसंच तुमचं भाडंही गोठवणार आहे. हे होते झोहरान ममदानी, दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकले आणि 'फ्रीझ द रेंट' ही त्यांची घोषणा आपल्याकडच्या रील्समध्येही फिरायला लागली.

त्या रील्सखालच्या कमेंट्स ठरलेल्या. कुणी म्हणालं हा तर कम्युनिझम, कुणी म्हणालं मालकांनी काय उपाशी मरायचं का, कुणी म्हणालं आमच्या ठाण्यात पण असा महापौर द्या.

गंमत अशी की न्यूयॉर्कमध्ये भाडं गोठवणं ही काही नवी कल्पना नाही. हे शहर आपल्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांचं भाडं १९७० सालापासून गोठवत आलंय. त्यात मालकाचा एक डॉलरही बुडत नाही, म्हणून मालक फारसे ओरडत नाहीत. आणि ओरड नाही म्हणून की काय, ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्या आजी-आजोबांपैकीही अनेकांपर्यंत ती पोहोचलेली नाही.

योजनेचं नाव लांबलचक आहे, 'सीनियर सिटिझन रेंट इन्क्रीज एक्झम्प्शन'. इंग्रजी आद्याक्षरं जोडून न्यूयॉर्कवाले त्याला 'स्क्री' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आधी न्यूयॉर्कचं भाडं समजून घेऊ

न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक खुल्या बाजारातली घरं, जिथे मालक सांगेल ते भाडं. मॅनहॅटनमध्ये नव्याने घर घेणाऱ्यांसाठी हे भाडं २०२२ मध्येच महिन्याला ४,००० डॉलरच्या पुढे गेलं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे नियंत्रित भाड्याची घरं. १९७४ च्या आधी बांधलेल्या आणि सहा किंवा त्याहून जास्त घरं असलेल्या इमारती साधारणपणे यात येतात. अशी सुमारे १० लाख घरं शहरात आहेत. या घरांचं भाडं मालकाला मनाला येईल तसं वाढवता येत नाही. महापौरांनी नेमलेलं नऊ जणांचं एक मंडळ आहे, 'रेंट गाइडलाइन्स बोर्ड'. दर उन्हाळ्यात हे मंडळ बसतं, मालक आणि भाडेकरू दोघांचं ऐकतं (दोन्ही बाजूंच्या घोषणाबाजीसह), आणि १ ऑक्टोबरपासून भाडं किती टक्क्यांनी वाढवता येईल ते ठरवतं. २०२४ मध्ये एक वर्षाच्या करारासाठी २.७५ टक्के वाढ ठरली होती, २०२५ मध्ये ३ टक्के. ममदानी यांचं आश्वासन या वार्षिक वाढीबद्दल होतं. ती शून्य करायची, म्हणजे नियंत्रित घरांतल्या सगळ्याच भाडेकरूंसाठी.

स्क्रीचा मामला वेगळा आहे. मंडळाने कितीही वाढ ठरवली, तरी पात्र ज्येष्ठाच्या खिशाला ती लागत नाही.

कुणाला मिळतं?

वय ६२ किंवा त्याहून जास्त हवं. घर नियंत्रित भाड्याचं हवं आणि करारावर तुमचं नाव हवं. घरात राहणाऱ्या सगळ्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत हवं. आणि महिन्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम भाड्यात जात असायला हवी.

५०,००० डॉलर म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या वर, हा कसला गरीब, असं वाटू शकतं. पण डॉलरला रुपयांनी गुणून न्यूयॉर्कची गरिबी कळत नाही. तिथली सरकारी पेन्शन, म्हणजे सोशल सिक्युरिटी, २०२५ च्या सुरुवातीला निवृत्त माणसाला सरासरी महिना १,९७६ डॉलर होती. वर्षाचे झाले २४,००० च्या आत. आणि मॅनहॅटनच्या बाजारभावाने घर घ्यायचं तर सहा महिन्यांत हे सगळे पैसे नुसत्या भाड्यात संपतील.

आता प्रत्यक्ष आकडे लावून बघू. समजा क्वीन्समध्ये एक आजी आहेत. वय ६२, एकट्या राहतात. पेन्शन महिना २,००० डॉलर, भाडं १,४००. उरले ६००. त्यात वाणसामान, औषधं, वीज, फोन, सगळं.

दरवर्षी ३ टक्के भाडं वाढलं असं धरू. आकडा छोटा वाटतो, पण दहा वर्षांनी हेच भाडं सुमारे १,८८० डॉलर होतं. आजींनी ६२ व्या वर्षीच स्क्रीचा अर्ज केला असेल, तर ७२ व्या वर्षीही त्या १,४०० डॉलरच देत असतील. महिन्याला ४८० डॉलर वाचले. वर्षाचे जवळपास पावणेसहा हजार.

आणि पेन्शन काही गोठत नाही, ती महागाईप्रमाणे थोडी थोडी वाढते. ती वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर दहा वर्षांत २,००० ची साधारण २,५६० होते. म्हणजे सुरुवातीला पेन्शनचा ७० टक्के भाग भाड्यात जात होता, तो दहा वर्षांनी ५५ टक्क्यांवर आला. पहिल्या वर्षी या योजनेचा फायदा अगदीच किरकोळ दिसतो, तो खरा जाणवतो वय वाढेल तसा. पंच्याहत्तरीत घर बदलायची वेळ येऊ नये, हाच तिचा उपयोग.

ते ४८० डॉलर कुठून येतात?

स्क्री लागू झाल्यावर त्या घराला दोन भाडी असतात. एक आजी देतात ते, १,४०० वर गोठलेलं. दुसरं कागदावरचं कायदेशीर भाडं, जे मंडळाच्या निर्णयाप्रमाणे दरवर्षी वाढतच राहतं. या दोन्हींमधला फरक शहर सरकार मालकाला देतं. पण चेक लिहून देत नाही. मालकाला इमारतीचा जो मालमत्ता कर भरायचा असतो, त्यातून तेवढी रक्कम वजा होते.

म्हणजे दहाव्या वर्षी आजी १,४०० देतात, मालकाला ४८० डॉलरची कर-सवलत मिळते, आणि मालकाच्या हिशेबात पूर्ण १,८८० जमा होतात. आजी उद्या घर सोडून मुलीकडे राहायला गेल्या तरी कागदावरचं भाडं १,८८० च आहे. मालकाचं काही मागे पडलेलं नाही. मालकाने इमारतीत नवा बॉयलर बसवला, छत बदललं, आणि त्यापोटी सगळ्यांचं भाडं वाढवायची परवानगी मिळवली, तर आजींच्या वाट्याची ती वाढही याच पद्धतीने शहर उचलतं.

पैसा शेवटी करदात्यांचाच. शहराच्या तिजोरीत जो मालमत्ता कर आला असता, तो तेवढा कमी आला. पण म्हातारीचा भार समाजाने उचलायचा असेल, तर तो एका इमारतीच्या मालकावर टाकण्यापेक्षा सगळ्या शहरावर थोडा थोडा पसरवणं जास्त रास्त आहे. मालकाचं नुकसान नाही, म्हणजे आजींना घराबाहेर काढण्यात त्याचा फायदाही नाही. भाडं नियंत्रणाच्या बहुतेक भांडणांचं मूळ नेमकं इथेच असतं.

मग अडचण कुठे आहे?

बरीच आहे.

पहिली म्हणजे गोठवणं आणि कमी करणं यात फरक आहे. आजींच्या उत्पन्नाचा एक-तृतीयांश म्हणजे साधारण ६७० डॉलर. पण भाडं ६७० वर येत नाही, ते १,४०० वरच थांबतं. आधीच परवडत नसलेलं भाडं स्क्रीमुळे परवडायला लागत नाही. फक्त आणखी बिघडत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती जास्त टोचणारी आहे. अर्ज कराल त्या वेळच्या भाड्यावर गोठवणी होते. वरच्या उदाहरणातल्या आजींना योजनेची माहिती ६२ ऐवजी ७२ व्या वर्षी मिळाली, तर त्यांचं भाडं १,८८० च्या आसपास गोठेल. मधली दहा वर्षं परत येत नाहीत. एकाच मजल्यावर, एकसारख्या घरात, एकाच वयाच्या दोन बाया राहतात आणि एक दुसरीपेक्षा महिन्याला ४८० डॉलर जास्त देते. कारण काय, तर एकीच्या पुतणीने वेळेवर फॉर्म भरून दिला.

शहराच्या अर्थ विभागाने २०१४ मध्ये एक अहवाल काढला होता. ज्येष्ठांसाठीची स्क्री आणि अपंग भाडेकरूंसाठी २००५ मध्ये सुरू झालेली तशीच जोडयोजना, दोन्हींसाठी पात्र असलेल्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबं योजनेबाहेर असल्याचं त्यात दिसलं होतं. शहराने त्यानंतर दोन्ही योजनांना मिळून 'रेंट फ्रीझ प्रोग्रॅम' असं सोपं नाव दिलं, शिबिरं घेतली, वेगवेगळ्या भाषांत माहिती छापली. स्क्री या नावावरून कुणाला काय बोध होणार होता, हा प्रश्नच आहे.

कागदपत्रांचा जाच इथेही सुटलेला नाही. वयाचा पुरावा, भाडेकरार, घरातल्या प्रत्येकाच्या उत्पन्नाचा पुरावा, सगळं जोडायचं. बरं, एकदा मंजूर झालं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. भाडेकराराची मुदत संपेल तसं दर एक किंवा दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं किंवा विसरभोळा, त्याच्याकडून मुदतीत फॉर्म गेला नाही तर सवलत थांबते आणि भाडं थेट कागदावरच्या आकड्यावर उडी मारतं. शंभर-दोनशे डॉलरची सवय असलेल्याला एकदम चारशे-पाचशेची वाढ.

नवरा-बायकोपैकी एक जण गेल्यावर काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. दोघांच्या मिळून दोन पेन्शन येत असतात. एक जण गेला की मागे राहिलेल्याला दोन्हींपैकी जी मोठी असेल ती मिळते, दुसरी बंद होते. उत्पन्न घटतं, भाडं मात्र दोघांचं होतं तेवढंच. अशा वेळी उत्पन्न कायमचं २० टक्के किंवा त्याहून जास्त घटल्याचं दाखवलं, तर गोठलेलं भाडं फेरआकारणी करून खाली आणता येतं. चांगली तरतूद आहे, पण तिच्यासाठीही वेगळा अर्ज आहे आणि तो नेमका दुखवट्याच्या दिवसांत करायचा आहे. सवलत आजोबांच्या नावावर असेल, तर ती आजींच्या नावावर करून घेण्यासाठी आणखी एक अर्ज.

उत्पन्नाच्या मर्यादेचाही घोळ आहे. २०१४ मध्ये ती २९,००० डॉलरवरून ५०,००० वर नेली. मोठी उडी होती. पण त्यानंतर दहा वर्षं ती जागची हलली नाही. मधल्या काळात महागाई इतकी वाढली की २०२३ मध्ये सोशल सिक्युरिटी एकदम ८.७ टक्क्यांनी वाढवावी लागली. ज्यांना पेन्शनशिवाय एखादी छोटी नोकरी किंवा जुन्या कंपनीचं निवृत्तिवेतन आहे, आणि जे मर्यादेच्या काठावर आहेत, त्यांना पेन्शनवाढ ही आनंदाची बातमी राहत नाही. महागाईसाठी दिलेली वाढच त्यांना मर्यादेबाहेर ढकलू शकते.

आपल्या लोकांना याचा उपयोग होतो का?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भारतीय भरपूर आहेत. पण अनेक कुटुंबांचा राहण्याचा नमुना असा, की मुलगा-सून कमावतात आणि आई-वडील त्यांच्यासोबत राहतात. स्क्रीमध्ये घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरलं जातं. मुलाचा पगार धरला की आई-बाबा योजनेबाहेर.

दुसरा नमुना म्हणजे एक-दोन कुटुंबांच्या बैठ्या घरात वरचा मजला किंवा तळघर भाड्याने घेऊन राहणं. अशी घरं सहा घरांच्या अटीत बसत नाहीत, म्हणून भाडं नियंत्रणात नाहीत, म्हणून स्क्री नाही. सरकारी वसाहतींत राहणारे आणि केंद्र सरकारचं भाडं-व्हाउचर घेणारेही यात येत नाहीत, कारण त्यांचं भाडं आधीच उत्पन्नाशी जोडलेलं असतं.

ते व्हाउचर खरंतर स्क्रीपेक्षा कितीतरी चांगलं. १९७४ च्या कायद्याने आलेली ही योजना 'सेक्शन ८' नावाने ओळखली जाते. भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के देतो, उरलेलं सरकार थेट मालकाला देतं. आपल्या उदाहरणातल्या आजींना हे मिळालं तर त्यांच्या वाट्याला फक्त ६०० च्या आसपास येतील. पण मिळायला तर पाहिजे. संपूर्ण अमेरिकेत केंद्राच्या भाडे-मदतीसाठी पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. न्यूयॉर्कमध्ये या व्हाउचरची प्रतीक्षायादी जवळपास १५ वर्षं बंद होती. जून २०२४ मध्ये ती एका आठवड्यासाठी उघडली आणि ६ लाखांहून जास्त अर्ज आले. त्यातून सोडत काढून २ लाख जणांना यादीत घेतलं. यादीत घेतलं म्हणजे घर मिळालं नाही, रांगेत उभं राहायला जागा मिळाली. म्हाडाच्या लॉटरीची सवय असलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

स्क्रीला अशी रांग नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. अटी पूर्ण केल्या की हक्काने मिळते, कोटा नाही आणि सोडतही नाही. कुणाचे नातेवाईक तिथे नियंत्रित घरात राहत असतील आणि वयाची बासष्टी ओलांडली असेल, तर त्यांनी शहराच्या ३११ या नंबरवर विचारायला हरकत नाही. अर्जाला फी लागत नाही.

अर्ज न करता मदत पोहोचवण्याचा रस्ताही काही देशांनी काढलाय. ऑस्ट्रेलियात भाडे-साहाय्य पेन्शनलाच जोडलेलं आहे. पेन्शनर भाड्याने राहतो आणि भाडं एका ठरावीक रकमेच्या वर आहे असं दिसलं, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे ७५ सेंट पेन्शनसोबत येतात, एका कमाल मर्यादेपर्यंत. भाडं भागवायला तेही पुरत नाही अशी टीका तिथे कायम होते. या साहाय्याची कमाल रक्कम सप्टेंबर २०२३ मध्ये १५ टक्के आणि पुढच्या वर्षी आणखी १० टक्के वाढवावी लागली. पण पुतणी असली काय नि नसली काय, पैसे येतात.

मुंबईने हे आधीच करून बघितलं होतं

भाडं गोठवण्याचा प्रयोग आपल्याकडे न्यूयॉर्कच्या स्क्रीपेक्षा जुना आणि कितीतरी मोठा आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या घरांचं प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या हजारो कुटुंबांना या कायद्याने शहराच्या मध्यभागी टिकवून ठेवलं, हे नाकारता येणार नाही. गिरणीत नोकरी, डोक्यावर छप्पर आणि महिन्याला मोजकं भाडं, यावर दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या.

पण या गोठवणीत दोन गोष्टी न्यूयॉर्कच्या उलट होत्या. एक, ती सगळ्यांसाठी होती. वय, उत्पन्न काहीही विचारलं जात नव्हतं. त्यामुळे परळच्या खोलीतल्या विधवा आजींसोबतच मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून राहणाऱ्या श्रीमंत भाडेकरूचं भाडंही गोठलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला फरक कुणीच भरत नव्हतं. तो पूर्णपणे मालकाच्या खिशातून जात होता. मालकाने मग सोपा मार्ग धरला, दुरुस्ती बंद. भाड्यातून जिन्याला रंग देण्याइतकेही पैसे येत नसतील, तर तो वासे कुठून बदलणार? इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर उपकर लावून डागडुजी सुरू झाली. तेव्हा अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. आजही दर पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या यादीकडे गोठलेल्या भाड्याचं बिल म्हणून बघता येईल, पन्नास-साठ वर्षं न भरलेलं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य झाली. पण पाया इतका खाली होता, की दोनशे रुपयांवर ४ टक्के म्हणजे आठ रुपये. पागडीच्या घरांचा प्रश्न मग पुनर्विकासाच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

आणि आज पुण्यात भाड्याने राहणाऱ्या आजोबांचं काय?

त्यांना हा कायदा जवळजवळ काहीच देत नाही. आज शहरांत बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. करार अकरा महिन्यांचा, प्रत्येक नूतनीकरणाला पाच-दहा टक्के वाढ, आणि मालकाला घर हवं असेल तर गाशा गुंडाळायचा. ४ टक्क्यांचं संरक्षण जुन्या भाडेकरूंना आहे, लायसन्सवर राहणाऱ्याला नाही. त्यात माणूस एकटा आणि सत्तरीचा असेल तर ब्रोकर आधी विचारतो, सोबत कोण राहणार? उद्या काही झालं तर?

सरकारी मदत बघायला गेलं तर श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना महिना १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १,००० होते. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. वार्षिक, हं. महिन्याला १,७५० रुपये. शहरात भाड्याने खोली घेऊन राहणारा कुणीही माणूस या अटीत प्रामाणिकपणे कसा बसणार, हे अट घालणाऱ्यांनाच माहीत. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा तर ७९ वयापर्यंत महिना २०० रुपये आहे आणि ८० नंतर ५००.

प्राप्तिकरात भाड्यासाठी एक सवलत आहे, कलम ८०जीजी. घरभाडे भत्ता न मिळणाऱ्याला महिना जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत वजावट, तीही जुन्या करप्रणालीत. पण ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही, त्याने वजावट कशातून घ्यायची?

बाकी आपल्या घरविषयक योजनांचा भर पहिल्यापासून मालकीवर आहे. घर बांधायला अनुदान, कर्जाच्या व्याजात सवलत. सत्तरीच्या माणसाला वीस वर्षांचं गृहकर्ज कुठली बँक देणार? २०११ च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी सुमारे २८ टक्के भाड्याने राहत होती. ती सगळी म्हातारी होईपर्यंत मालक होतील, असं गृहीत धरून धोरण चालू आहे.

मग न्यूयॉर्कची युक्ती इथे उचलता येईल? जशीच्या तशी नाही. तिथे मदत मालमत्ता करातून वळती होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. गरीब ज्येष्ठ भाड्याने राहतात ती घरं बहुतांश याच आकाराची. जो कर मालक भरतच नाही, त्यातून वजा काय करणार? इथे पैसे रोखच द्यावे लागतील, म्हणजे बजेटमध्ये वेगळी ओळ लागेल.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राकडे तयार आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते, घरी बसून, अंगठ्याचा ठसा देऊन. त्या करारात घराचा पत्ता असतो, भाड्याची रक्कम असते, मागच्या वेळेपेक्षा किती वाढ झाली ते दोन करार शेजारी ठेवले की कळतं. आणि नावापुढे भाडेकरूचं वयही लिहिलेलं असतं.